आंबा कोणी वेचत नाही, सफरचंदही नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्याकडे हंगामात वर्तमानपत्र वाचायला येत नाही, पेटीत घालायला येतं. कणकवलीहून रद्दीचे गठ्ठे येतात, तळाला पेपर, त्यावर पेंढा, त्यावर आंबा. मे महिन्यात असाच एक कागद अंथरता अंथरता 'शिडी' हा शब्द दिसला, मग 'फांदी', मग 'न भरलेलं पिंप'. हात थांबला. तो कागद मी घडी करून खिशात घातला आणि त्या पेटीला दुसरा घातला. तो आपल्या रविवारच्या पुरवणीचा कागद होता. रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीच्या 'आफ्टर ॲपल-पिकिंग' या कवितेचा अनुवाद त्यावर होता आणि 'तुम्हाला ही कविता कशी वाटते?' असं वाचकांना विचारलं होतं. पुढच्या दोन रविवारची पत्रं मी तिठ्यावरच्या दुकानातून मुद्दाम अंक आणवून वाचली. तेव्हा लिहायला सवड नव्हती. आता मृग लागलाय, गडी गावाला गेलेत, पेट्यांचा हिशेब चुकता व्हायचाय, पण निदान बसता येतंय. म्हणून हे उशिराचं पत्र.

मी साहित्याचा माणूस नाही. बी. कॉम. आहे, वय 71, आणि वडिलांनी लावलेली दोनशेच्या आसपास हापूसची कलमं सांभाळतो. त्यामुळे या पत्रात काव्यशास्त्र सापडणार नाही. पण छापून आलेली पत्रं वाचून एक गोष्ट सतावत राहिली. कोणी लिहिलं, ही झोप म्हणजे मृत्यू. कोणी लिहिलं, शिडी स्वर्गाकडे टेकलीय म्हणजे मोक्ष. एकांनी आदम आणि ईव्ह काढले. एकांनी गीता काढली. एका प्राध्यापकांच्या मते सफरचंदं म्हणजे कविता आणि हा थकवा म्हणजे लेखकाचा थकवा. सगळे माझ्याहून शिकलेले. पण यातल्या एकाचाही पाय शिडीच्या दांड्यावर दिवसभर राहिलेला नसावा, असं मला वाटलं. कारण कवितेच्या पोटात जी गोष्ट आहे तिच्याकडे कोणी गेलंच नाही. ते जाऊ शकले नाहीत याला थोडासा आपला अनुवादही जबाबदार आहे. तेवढंच सांगायचं आहे. बाकी गप्पा.

आधी नाव. अनुवादकांनी कवितेला 'सफरचंद-वेचणीनंतर' असं नाव दिलंय. संपादक महाराज, वेचतात ते जमिनीवरचं. काजूच्या बिया वेचतात, पारिजातक वेचतात, लग्नात सांडलेल्या अक्षता वेचतात. विदर्भात कापूस झाडावरून घेतात तरी वेचणीच म्हणतात, हे मला माहीत आहे, तिथे तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, माझी तक्रार नाही. पण फळाला वेचणी म्हणाल तर फळ खाली पडलेलं असतं. आंबा आम्ही काढतो. कोणी उतरवतो म्हणेल, कोणी तोडतो म्हणेल, पण वेचत कोणी नाही. आणि ही कविता तर काढलेलं फळ आणि पडलेलं फळ यांच्यातल्या फरकावरच उभी आहे! शीर्षकातच ते फळ जमिनीवर टाकलं तर वाचकानं पुढे काय समजायचं?

मुळातली कविता माझ्या मुलीनं पाठवली. बेचाळीस ओळींची आहे. शब्दकोश घेऊन चार रात्री बसलो. गोष्ट साधी आहे. माणसाची शिडी अजून झाडात उभी आहे. बाजूला एक पिंप भरायचं राहिलंय, फांदीवर दोन-तीन सफरचंदं राहिलीत. पण तो म्हणतो, पुरे झालं. झोप येतेय, हवेत सफरचंदांचा वास आहे. सकाळी गुरांच्या पाण्याच्या कुंडावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता, तो काचेसारखा उचलून त्यातून त्यानं गोठलेल्या गवताकडे पाहिलं. तेव्हापासून नजर जी विचित्र झाली ती जातच नाही. डोळे मिटले की मोठमोठी सफरचंदं येतात आणि जातात, देठाकडून दिसतात, खालच्या टोकाकडून दिसतात, सालीवरचा तांबूस ठिपका न् ठिपका दिसतो. तळपायात शिडीचा दांडा अजून रुतलेला आहे. तळघरात गाड्यांवर गाड्या सफरचंदं रिकामी होतायत त्याचा गडगडाट कानात आहे. मग तो म्हणतो, मी फार थकलोय, जे उदंड पीक मीच मागितलं होतं त्यानंच थकलोय.

आणि मग ती जागा येते. तो म्हणतो, असंख्य फळं होती, एकेक स्पर्श करायचं, हातात जपायचं, उचलून खाली आणायचं आणि पडू द्यायचं नाही. कारण जे जे जमिनीला लागलं ते ते, मुका मार बसलेला नसो की खुंट टोचलेला नसो, थेट सायडरच्या, म्हणजे सफरचंदांचा रस काढायच्या, ढिगात गेलं, कवडीमोल ठरून.

हे वाचलं तेव्हा मी पडवीत एकटाच होतो. मोठ्यानं हसलो. अहो, हे तर आमचं कॅनिंग!

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. हापूस चौदा आणे तयार झाला की काढायचा. झेल्याच्या, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीच्या, पात्यानं देठासकट कापायचा, जाळीत घ्यायचा, काठी हळूहळू खाली आणायची, जाळीतून हातात, हातातून क्रेटमध्ये. देठ तुटला तर चीक सांडतो, सालीवर काळा ओघळ उमटतो आणि काढणाऱ्याच्या तोंडावर उडाला तर कातडी जळते. अशा काढलेल्या आंब्याचा भाव डझनावर, पेटीवर ठरतो. आणि जो झेल्यातून निसटला, वाऱ्यानं पडला, माकडानं पाडला, तो कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला. त्याचा भाव किलोवर. दोन्ही आंबे एकाच फांदीचे, एकाच मोहोराचे, कित्येकदा खाली पडलेलाच मोठा आणि देखणा असतो. पालापाचोळ्यावर अलगद पडलेला असतो, कुठे खरचटलेलंसुद्धा नसतं. तरी तो कॅनिंगला.

वाचकपत्रांत एका ताईंनी लिहिलंय की फ्रॉस्ट इथे समाजातल्या अन्यायाबद्दल बोलतो, निर्दोषालाही शिक्षा होते. ताई, अन्याय नाही हो तो. पडलेलं फळ वरून चांगलं दिसतं, पण आत काय झालंय ते त्या दिवशी कळत नाही. आढीत घातलं की आठव्या दिवशी एका बाजूला काळं पडतं आणि शेजारच्या चार फळांना घेऊन जातं. सफरचंदाच्या पिंपाचंही तेच. ती हिवाळाभर तळघरात राहायची, एक सडलं की पसरत जातं. म्हणून ज्याला धंदा कळतो तो जमिनीला लागलेल्या फळाची दया करत नाही. माझ्या वडिलांनी केली नाही, मीही करत नाही. पण म्हणून वाईट वाटत नाही असं नाही. फ्रॉस्टनं 'जखमी झालं नसलं तरीही' हे घातलंय ते त्या वाईट वाटण्यापोटी. नियम मोडला नाही, तक्रार केली नाही, फक्त नोंद ठेवली. बागायतदार इतकंच करू शकतो.

आणि थकवा कुठून येतो हेही तिथेच कळतं. चढण्याउतरण्यानं माणूस दमतो, पण रात्री झोपला की ते जातं. जात नाही ती काळजी. दिवसभर प्रत्येक फळामागे 'पडेल, पडेल' असं मनात चाललेलं असतं. पोती उचलणारा हमाल घोरतो, झेला धरणारा रात्रभर तळमळतो. आमची ही म्हणते, मे महिन्यात तुमचा उजवा हात झोपेतही फिरतो.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो.

ती बर्फाची काच. मुळात तो म्हणतो, ती वितळू लागली आणि मी ती 'लेट इट फॉल' केली, पडू दिली, फुटू दिली. आणि पुढे, फळांबद्दल बोलताना, तेच शब्द पुन्हा येतात, 'नॉट लेट फॉल', पडू न देता. एकाच कवितेत, एकाच माणसाच्या तोंडी, एकदा 'पडू दिली' आणि एकदा 'पडू द्यायचं नाही'. आपल्या अनुवादात पहिल्या ठिकाणी 'हातून निसटली' असं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'अलगद उतरवून' असं आहे. दोन्ही ऐकायला गोड. पण धागा तुटला! निसटणं म्हणजे चूक. निसटलं तर मन खातं. त्या माणसानं चूक केलेली नाही. सगळ्या हंगामात ज्यानं हातातली एकही वस्तू पडू दिली नाही, त्यानं शेवटच्या दिवशी सकाळी एक वस्तू जाणूनबुजून पडू दिली. जिला काही भाव नाही, जी कोणाला विकायची नाही, जी फुटली तर कोणी विचारणार नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाच हात सैल पडला. सबंध कवितेत त्या माणसाला मिळालेली सुट्टी तेवढीच आहे, एका काचेची.

छापलेल्या अकरा पत्रांत या ओळीबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. त्यांचा दोष नाही, त्यांच्यासमोर 'निसटली' होती.

बर्फ मी पाहिलाय म्हणून बोलतो. आमची मुलगी अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआला असते. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता ऑक्टोबरात गेलो होतो. देवगडचा माणूस, थंडी म्हणजे पौषात पहाटे अंगावर गोधडी घ्यायची एवढीच माहिती. तिच्या अंगणात पाखरांना पाणी प्यायला दगडी परात ठेवलेली आहे. महिनाअखेरच्या एका सकाळी नातवानं तिच्यातून बर्फाची चकती काढली आणि माझ्या हातात दिली. काचेपेक्षा थोडी जाड. मी तीतून पाहिलं तर समोरचं गवत पांढरं, वाकडं, दूरचं. बोटं बधिर झाली. नातू म्हणाला, आजोबा, फेका. मला फेकवेना. हातात आलेलं गोल काही मी फेकत नाही, ती सवयच नाही. शेवटी परत परातीत ठेवली, तर तो हसत सुटला. तेव्हा मला फ्रॉस्ट माहीत नव्हता. आज वाटतं, पडू द्यायला हवी होती.

त्याच मुक्कामात जावयानं आम्हाला दोन ठिकाणी नेलं. एक, पैसे भरून आपणच सफरचंदं काढायची अशी बाग. झाडं बुटकी, शिडी लागतच नाही. दारावरच्या पोरानं सांगितलं, फळ ओढायचं नाही, तळहातात घेऊन वर उचलायचं, जरा फिरवायचं, देठासकट येतं. ओढलं तर शेजारचा पुढच्या वर्षीचा डोळा मोडतो, बोट दाबलं तर बोटाचा डाग उमटतो. मी मान डोलावली, हे मला कोणी शिकवायला नको होतं. 'उचलून खाली आणणं' असं कवीनं का म्हटलंय, खाली आणायचं तर उचलायचं कशाला, हा प्रश्न एका पत्रलेखकांना पडलाय. त्याचं उत्तर हे. आधी वर, मग खाली. तिथे झाडाखाली पडलेल्या फळांचा सडा होता, लोक तुडवत चालले होते. मी वाट काढत चालत होतो. बायको म्हणाली, हे तुमचं कॅनिंग नाही, चला पुढे. आता तर जंतूंच्या भीतीनं जमिनीवरची फळं बरेच जण सायडरलासुद्धा घेत नाहीत म्हणे.

दुसरं ठिकाण डेरी गावातलं फ्रॉस्टचं घर. नॅशुआहून गाडीनं अर्धा तास. पांढऱ्या फळ्यांचं घर, त्याला लागून कोठार. तेव्हा मी ते 'एका कवीचं घर' म्हणून पाहिलं आणि जावयाला बरं वाटावं म्हणून फोटो काढून घेतले. आता वाचून कळलं की 1900 मध्ये त्याच्या आजोबांनी ही सुमारे तीस एकरांची जागा घेऊन दिली आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं, दहा वर्षं नुसती वापरायची, मग तुझी. आजोबा हुशार. नातू कोंबड्या पाळायचा, जवळच्या शाळेत शिकवायचा, कविता लिहायचा. दहा वर्षं भरली, 1911 मध्ये त्यानं जागा विकली, 1912 मध्ये बायकामुलांसह इंग्लंडला गेला. ही कविता ज्या पुस्तकात आहे ते 'नॉर्थ ऑफ बोस्टन' 1914 मध्ये लंडनमध्ये निघालं. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा झाडं समुद्रापलीकडे होती, दुसऱ्या कोणाच्या नावावर. पुढे काही वर्षं त्या जागेत मोडक्या मोटारी टाकायचे. मग राज्य सरकारनं घेऊन ती पूर्वीसारखी केली. हंगामात असताना हंगामाबद्दल कोणाला लिहिता येत नाही, हे यावरून मी माझ्या सोयीनं ठरवलंय.

पायाबद्दल एक सांगायला हवं. पत्रांत सगळे शिडीच्या वरच्या टोकाकडे बघतायत, 'स्वर्गाकडे' टेकलेल्या. मी खालून बघतो. तळपायाची जी कमान असते, टाच आणि चवडा यांच्या मधली, तिथे गोल दांडा बसतो. फळी असती तर वजन पसरलं असतं, गोल दांडा एकाच रेघेत रुततो. आणि फांदी वाकली की शिडी हलते, मग पाय तो दांडा धरायला बघतो, हातासारखा. दिवसभर. कवी म्हणतो की पायात नुसती कळ राहिलेली नाही, दांड्याचा दाबसुद्धा राहिलाय. कळ वेगळी आणि दाब वेगळा. कळ तेलानं जाते. दाब जात नाही, अंथरुणावर पाय लांब केला की तळव्याखाली दांडा असतोच. आम्ही शिडी कमी आणि फांदीचा बेचका जास्त वापरतो, पण खूण तीच. ही ओळ घरात बसून सुचणारी नाही. तेव्हा हा माणूस खरोखर चढलेला आहे, आणि जो खरोखर चढलेला आहे त्याच्या शिडीचा एकदम मोक्ष करू नये. वर आकाश असतं म्हणून शिडी आकाशाकडे असते.

फळांच्या संख्येचंही तसंच. मुळात 'टेन थाउजंड थाउजंड' आहे, दहा हजार गुणिले हजार. अनुवादात 'हजारो हजारो'. मी बी. कॉम., मला राहवलं नाही. ते एक कोटी होतात, बरोब्बर. दोन सेकंदांना एक फळ, दिवसाचे आठ तास, तर दिवसाला 14,400. एक कोटीला जवळजवळ सातशे दिवस! तीस एकरांत कोंबड्या सांभाळून कोणी एक कोटी सफरचंदं काढत नाही. पण रात्री डोळे मिटल्यावर एक कोटीच असतात. बायबलमध्येही अशीच मोजता न येणारी संख्या येते, असं एकांनी लिहिलंय ते बरोबर असेल. मला मात्र ते थकलेल्या माणसाचं गणित वाटतं.

गीतेबद्दल थोडक्यात. 'मा फलेषु कदाचन' हे बागायतदाराला सांगू नये. फळाची आशा धरू नको म्हटलं तर मोहोरावर फवारणी तरी कशाला करायची? आणि हा माणूस तर साफ म्हणतो की पीक मीच मागितलं होतं. आदमबद्दलही तेवढंच. बायबलमध्ये त्या झाडाचं फळ सफरचंद होतं असं म्हटलेलं नाही, नुसतं फळ म्हटलंय. आदमला शिक्षा म्हणून घाम गाळून भाकर खायला सांगितलं हे खरं. पण या माणसानं ते कष्ट शिक्षा म्हणून घेतलेले नाहीत, हौसेनं घेतलेत. तोच तर त्याचा घोळ आहे.

'मीच मागितलं होतं.' ही ओळ मी कागदावर लिहून कपाटाला लावलीय. आमच्या गावात थंडीत देवळात गाऱ्हाणं होतं. गुरव हात जोडून म्हणतो, बा महाराजा, औंदा झाडांका मोहोर येवंदे, आयलेलो मोहोर टिकांदे, आणि आम्ही सगळे मागून ओरडतो, 'होय महाराजा!' मी सगळ्यात मोठ्यानं ओरडतो. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. ते आम्हाला सोसत नाही म्हणून मुळाशी कल्टार नावाचं औषध घालून दरवर्षी धरायला लावतो. एवढं करून एखाद्या वर्षी खरोखरच फांद्या मोडतील एवढा आंबा लागतो. तेव्हा गडी पुरत नाहीत, पेट्या पुरत नाहीत, वाशीला सगळ्यांचाच माल एकदम पोचतो आणि दर कोसळतो. अशा एका मेमध्ये, रात्री अकराला, कंदिलाच्या उजेडात पेट्या भरताना मी बायकोला म्हणालो, पुढच्या वर्षी आला नाही तरी चालेल. ती म्हणाली, हळू बोला, देऊळ जवळ आहे.

मिळालं नाही म्हणून रडणाऱ्या कविता मराठीत पुष्कळ आहेत. मिळालं, भरपूर मिळालं, मागितलं तेवढं मिळालं आणि आता उचलवत नाही, हे कबूल करणारा माणूस मला इथे भेटला.

आता झोप. आपल्याकडे फ्रॉस्ट म्हटलं की ती दुसरी कविता, झोपण्याआधी अजून मैलोन्‌मैल जायचंय म्हणणारी. नेहरूंच्या उशाशी त्या ओळी होत्या ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ. त्या कवितेत झोप म्हणजे मरण असं गाइडमध्ये शिकवतात, म्हणून या कवितेतही झोप आली की हात आपोआप मरणाकडे जातो. पण ती कविता 1923 सालची. ही तिच्या नऊ वर्षं आधी छापलेली. आणि हिच्या शेवटी एक जनावर आहे, ज्याला आपल्या अनुवादात 'सुतारपक्षी' केलंय. मुळात 'वुडचक' आहे. तो पक्षी नव्हे. तो बिळात राहणारा, मांजराहून थोराड, केसाळ प्राणी. मुलीच्या परसात एक होता, तिनं लावलेल्या घेवड्याचे कोंब खाऊन जायचा. आम्ही गेलो तेव्हा रोज दिसायचा, नंतर दिसेनासा झाला. मी विचारलं, मारलात की काय? जावई म्हणाला, नाही बाबा, झोपायला गेला, आता वसंतातच वर येईल.

कवितेतही तेच आहे. तो म्हणतो, वुडचक गेला नसता तर त्यानं सांगितलं असतं की माझी ही झोप त्याच्या लांबलचक झोपेसारखी आहे, की आपली नुसती माणसाची. एका पत्रलेखकांनी 'गेला' म्हणजे 'वारला' असं धरून मोठा निबंध लिहिलाय. वारला नाही हो, बिळात गेला! हिवाळाभर त्याचं काळीज मिनिटाला मोजकेच ठोके देतं, अंग गार पडतं, अंगातल्या चरबीवर तो तग धरतो आणि वसंतात वाळलेला का होईना, बाहेर येतो. मरणाशी तुलना करायची असती तर कवीला दुसरं काहीही मिळालं असतं. त्यानं उठणाऱ्या जनावराची झोप निवडली.

मला वाटतं त्या माणसाला वुडचकची झोप हवी आहे. तिच्यात सफरचंदं नसतात. त्याला धास्ती आहे ती माणसाच्या झोपेची, कारण तिच्यात ती सगळी परत येतात, एकेक, देठाकडून, टोकाकडून, आणि पुन्हा पडू द्यायची नसतात.

एक गोष्ट मात्र माझ्या अनुभवाशी जुळत नाही, तीही सांगतो, नाहीतर माझी बाजूच तेवढी मांडली असं होईल. तळघरात सफरचंदांचा गडगडाट होतो म्हणे. हापूसचा गडगडाट झाला तर मालकाला झटका येईल. आम्ही पेंढ्यात हातानं एकेक लावतो, अंडी लावावीत तशी. पण झोपेत मलाही आवाज येतो. सकाळी उठून आढी बघून येतो, सगळं जागच्या जागी असतं.

अनुवादकांनी ओळी सगळ्या सारख्या लांबीच्या करून अभंगासारखं यमक बसवलंय. मेहनत दिसते, रागावू नये. पण मुळात ओळी लहानमोठ्या आहेत, एक लांबच लांब तर एक नुसती दोन शब्दांची. यमक प्रत्येक ओळीला आहे, पण कधी लगेच सापडतं, कधी चार ओळींनी, एकदा तर सात ओळींनी. दमलेला माणूस अंगणातून घरात येतो तेव्हा असाच येतो, एक पाऊल मोठं, दोन लहान, मध्येच थांबा. सरळ रेषेत चालला तर तो दमलेला नाही.

पत्र लांबलं याची मला कल्पना आहे. छापताना काटछाट करावी लागली तर नेहरूंचा भाग काढा, हिशेबाचा काढा, आमच्या अमेरिकावारीचाही काढा. 'पडू दिली' तेवढं ठेवा. आणि अनुवाद पुन्हा कुठे छापणार असाल तर 'वेचणी'च्या जागी 'काढणी' करा, सुतारपक्ष्याला उडवून लावा.

माझा झेला अजून खालच्या बागेतल्या मोठ्या कलमाला टेकलेला आहे. शेंड्याला दोन फळं आहेत. आई असती तर म्हणाली असती, 'शेंड्यारचे दोन पोपटाचे, त्येंका हात लावू नको.' पावसानं काठी भिजतेय. उद्या आणतो.

कळावे,
आपला,
एक हापूस बागायतदार, तालुका देवगड

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, 'पडलेल्याची किंमत नाही हे कोण म्हणालं? वर्षभर घरात साठं खाता ते कुठल्या आंब्यांचं?' खरं आहे. पेटीतला आंबा आमच्या घरात कोणी खात नाही, तो विकायचा. पडलेल्यांतले चांगले बघून ती रस काढते, ताटांवर ओतते आणि गच्चीवर वाळवते, ते साठं वर्षभर पुरतं. फ्रॉस्टच्या मुलखातही शेतकऱ्यांची घरं हिवाळाभर सायडरच पीत असत. तिचं म्हणणं आहे, हेही संपादकांना कळवा.